परळी वैजनाथाचा जीर्णोद्धार आणि होळकरांची सून

बीड जिल्ह्यातील परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी केला. माळव्यातील होळकरांच्या राज्यापासून दूर असलेल्या या क्षेत्री एका विधवा सुनेला हे कार्य करता आले, ते अधिकार आणि स्वतंत्र उत्पन्न या दोन बळांवर.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. हे गाव बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात आहे. मल्हारराव होळकरांचे वारस खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले आणि पुढे राज्यकारभारात गुंतविले.

१७६६ मध्ये मल्हारराव व १७६७ मध्ये पुत्र मालेराव निवर्तले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा आग्रह धरला, तर राघोबादादांचा डोळा दौलतीवर होता. अहिल्याबाईंनी दोघांनाही दाद दिली नाही. माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. लष्कर तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार महेश्वरी अहिल्याबाईंकडे, अशी वाटणी झाली.

विधवा युवराज्ञीला असा अधिकार लाभणे त्या काळी अन्यत्रही दुर्मीळ होते. कोरियाचा युवराज सादो १७६२ मध्ये राजपित्याच्या आज्ञेने तांदळाच्या पेटीत कोंडला जाऊन मरण पावला. त्याची पत्नी हेग्योंग हिने पुढे पुत्र राजा झालेला पाहिला. परंतु आपली बाजू मांडण्यासाठी तिला १७९५ पासून लिहिलेल्या आठवणींचाच आधार होता.

अहिल्याबाईंचा दुसरा आधार म्हणजे 'खासगी'. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना मिळालेली ही जहागीर दौलतीपासून वेगळी होती. ती पुढे सुनेकडे आली. काशी विश्वेश्वर, वेरूळचे घृष्णेश्वर यांसारख्या क्षेत्रांतील धर्मकार्यांना याच उत्पन्नाचे पाठबळ लाभले.

या अधिकारालाही मर्यादा होती. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले. कन्या मुक्ताबाईने सती जाऊ नये म्हणून आईने केलेली विनवणी व्यर्थ ठरली. सासऱ्याच्या शब्दाने स्वतः वाचलेल्या अहिल्याबाई लेकीला मात्र वाचवू शकल्या नाहीत. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांचे निधन झाले.