दूरशिक्षणाची मान्यता आणि प्रतिष्ठा : भारतातील साठ वर्षांचा आढावा (१९६२–२०२२)

१

विद्यापीठाच्या पदवीस दोन प्रकारचे मोल असते. एक कायद्याने येते, दुसरे समाजाच्या विश्वासाने. पहिल्यास मान्यता म्हणतात, दुसऱ्यास प्रतिष्ठा. नित्याच्या शिक्षणात ही दोन्ही इतकी एकजीव झालेली असतात की, त्यांचे वेगळेपण सहसा लक्षात येत नाही. दूरशिक्षणात मात्र अध्यापक आणि वर्ग दृष्टीआड असल्यामुळे पदवीमागे झालेल्या अध्ययनाची साक्ष कोणी द्यावयाची, हा प्रश्न प्रारंभापासूनच उभा राहिला. ती साक्ष कोणी आणि केव्हा दिली, यावर या शिक्षणाची प्रतिष्ठा चढत वा उतरत गेली, असे गेल्या साठ वर्षांच्या इतिहासावरून दिसून येते.

२

भारतात विद्यापीठीय पातळीवरील पत्रद्वारा शिक्षणाचा आरंभ १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठात झाला. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या शिफारशीस अनुसरून बी. ए. चा अभ्यासक्रम टपालाने शिकविण्याची योजना तेथे प्रयोगादाखल हाती घेण्यात आली. पहिल्या वर्षी सुमारे अकराशे विद्यार्थी दाखल झाले. नोकरीत अडकलेला कारकून, प्राथमिक शिक्षक, घर सोडू न शकणारी गृहिणी अशांसाठी ही सोय होती.

या योजनेतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे परीक्षा आणि पदवी या दोन्ही बाबतींत ठेवलेली समानता होय. पाठ टपालाने येत. परंतु परीक्षा घेणारे विद्यापीठ तेच होते आणि पदवी देणारेही तेच. त्यामुळे या शिक्षणास स्वतंत्र मान्यतेची गरज भासली नाही. मातृविद्यापीठाची प्रतिष्ठा त्यास आपोआप लाभली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातील सुमारे एकतृतीयांश विद्यार्थ्यांची सोय पत्रद्वारा अभ्यासक्रम व सायंकालीन महाविद्यालये यांतून व्हावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रमांचे संचालनालय स्थापिले. इतर अनेक विद्यापीठांनीही हा मार्ग स्वीकारला.

तथापि उसनी प्रतिष्ठा जशी सहज लाभते तशी ती सहज झिजतेही. पत्रद्वारा विभाग हा विद्यापीठाच्या उत्पन्नाचे साधन होऊ शकतो, हे ध्यानात आल्यावर विद्यार्थिसंख्या वाढली. पाठांचे पुनर्लेखन, उत्तरांची तपासणी आणि संपर्कवर्ग यांकडे मात्र त्या प्रमाणात लक्ष पुरविले गेले नाही. परीक्षा एक असली तरी परीक्षेपूर्वीचे अध्यापन एक उरले नाही. पत्रद्वारा शिक्षण म्हणजे महाविद्यालयात प्रवेश न मिळालेल्यांचा आडमार्ग, अशी समजूत याच काळात रूढ झाली.

३

१९८० नंतर या शिक्षणास नवा आधार लाभला. इंग्लंडमध्ये १९६९ च्या राजसनदेने मुक्त विद्यापीठ स्थापन झाले होते. त्याला पदव्या देण्याचा अधिकार प्रथमपासूनच होता. अध्यापनसाहित्याच्या दर्जामुळे त्याचा लौकिकही झाला. त्याचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून १९८२ मध्ये हैदराबाद येथे आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ, १९८५ मध्ये संसदेच्या अधिनियमान्वये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी ज्ञानगंगा घरोघरी पोहोचविण्याचे ध्येय पुढे ठेवले. दूरशिक्षण आता एखाद्या विद्यापीठाचा उपविभाग राहिले नाही. त्यासच विद्यापीठाचे पद मिळाले.

राष्ट्रीय मुक्त विद्यापीठावर दुहेरी जबाबदारी टाकण्यात आली. स्वतः अध्यापन करणे ही एक, आणि देशातील सर्व दूरशिक्षणाचा दर्जा राखणे ही दुसरी. दुसरीसाठी १९९१ मध्ये त्या विद्यापीठाच्या अंतर्गत दूरशिक्षण परिषद स्थापन झाली. १ मार्च १९९५ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने असे ठरविले की, दूरशिक्षणाने मिळविलेली पदवी केंद्रीय नोकरीसाठी ग्राह्य धरावयाची असेल, तर तीस या परिषदेची आणि आवश्यक तेथे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची संमती असली पाहिजे. पत्रद्वारा पदवीचे मोल अशा रीतीने प्रथमच बाह्य मान्यतेशी स्पष्टपणे जोडले गेले.

या व्यवस्थेत एक वैगुण्य मुळातच होते. जी संस्था स्वतः दूरशिक्षण देत होती, तिच्याच पोटातील परिषद इतरांना संमती देत होती. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोग, तंत्रशिक्षण परिषद आणि दूरशिक्षण परिषद यांच्या अधिकारांच्या सीमा नीट आखल्या गेल्या नव्हत्या. याचा लाभ घेऊन काही संस्थांनी आपल्या राज्याबाहेर दूरवर अभ्यासकेंद्रे उघडली आणि ती चालविण्याचे काम खाजगी व्यक्तींकडे सोपविले. जाहिरातीत मान्यताप्राप्त हा शब्द ठळक छापला जाई. ती मान्यता कोणाची, कोणत्या अभ्यासक्रमास आणि कोणत्या वर्षापुरती, हे समजून घेण्याचे साधन सामान्य विद्यार्थ्याजवळ नव्हते.

४

या गोंधळाचा निवाडा अखेर न्यायालयात झाला. २००९ मध्ये अण्णामलै विद्यापीठाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा अधिनियम अनुदान आयोगाच्या अधिनियमावर मात करीत नाही. प्रथम पदवी न घेता मुक्त विद्यापीठ पद्धतीने थेट मिळविलेली एम. ए. पदवी प्राचार्यपदासाठी तेथे ग्राह्य ठरली नाही, आणि सक्तीच्या नियमास मागाहून सूट देता येत नाही, हेही स्पष्ट झाले.

याहून व्यापक परिणाम ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाचा झाला. चार अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेच्या संमतीवाचून अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालविले होते, आणि विद्यार्थी प्रवेश घेऊन गेल्यावर त्यांस पूर्वलक्षी संमती देण्यात आली होती. न्यायालयाने ही संमती बेकायदा ठरविली. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून, तंत्रशिक्षण परिषदेच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याची संधी त्यांना देण्यात आली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द करून शुल्क परत करण्याचा आदेश झाला. संमती देणाऱ्यांच्या वर्तनाची केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशी करण्यासही सांगण्यात आले.

या निकालाच्या कायदेशीर बाजूइतकीच त्याची मानवी बाजूही विचारात घेतली पाहिजे. या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आधीच नोकरीत होते. बढतीसाठी त्यांनी ही पदवी मिळविली होती. पदवीवर विसंबून दहा-बारा वर्षांची सेवा झाल्यावर तीच पदवी संशयास्पद ठरली. मान्यतेतील दोष संस्थेचा आणि संमती देणाऱ्यांचा होता. परंतु परीक्षेस पुन्हा बसण्याची पाळी विद्यार्थ्यावर आली. शुल्क परत मिळू शकते. वयाची वर्षे परत मिळत नाहीत. त्यातच ज्या संस्थांनी नियम पाळून दूरशिक्षण दिले होते, त्यांच्या पदवीधरांकडेही नोकरी देणारे साशंकतेने पाहू शकत होते. कारण दोषी कोण व निर्दोष कोण, याची निवड करणे बाहेरच्या माणसास सोपे नव्हते.

५

दरम्यान व्यवस्थेची फेररचना सुरू झाली होती. डॉ. माधव मेनन समितीने दूरशिक्षणाच्या नियमनासाठी स्वतंत्र संस्थेची शिफारस केली होती. ती स्वतंत्र संस्था काही निर्माण झाली नाही. परंतु २०१३ मध्ये जुनी दूरशिक्षण परिषद विसर्जित होऊन तिचे काम अनुदान आयोगाकडे आले. २०१७ व २०२० च्या विनियमांनी अभ्यासक्रमनिहाय पूर्वसंमती सक्तीची केली आणि अभियांत्रिकी, वैद्यक यांसारखे विषय दूरशिक्षणातून वगळले. याखेरीज १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या गुणांकनाशी परवानगीची सांगड घातली गेली. २०२० च्या विनियमांनुसार नित्याचे शिक्षण देणाऱ्या विद्यापीठास दूरशिक्षण द्यावयाचे असेल, तर चारपैकी किमान ३.०१ गुणांक अथवा राष्ट्रीय क्रमवारीतील ठरावीक स्थान आवश्यक झाले.

या बदलाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. पूर्वीची संमती होय किंवा नाही एवढेच सांगे; मूल्यांकन किती चांगले, हेही सांगू पाहते. मात्र हा गुणांक संपूर्ण विद्यापीठाचा असतो. उत्तम प्रयोगशाळा आणि नामवंत अध्यापक असलेल्या विद्यापीठाचा टपालाने जाणारा पाठ सुमार असू शकतो. म्हणजे १९६२ मधील उसनी प्रतिष्ठाच येथे नव्या रूपाने परत येते. फरक इतकाच की, मातृविद्यापीठाचे नाव होते तेथे आता अंक आला आहे.

२०२२ मध्ये अनुदान आयोगाने जाहीर केले की, मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने मिळविलेली पदवी नित्याच्या पदवीशी समकक्ष मानली जावी. अशा आशयाची पत्रके त्यापूर्वीही निघाली होती. समकक्षतेची घोषणा पुन्हा पुन्हा करावी लागते, यावरूनच कायद्यातील समानता आणि लोकव्यवहारातील विश्वास यांमध्ये अंतर उरले आहे, हे उघड होते.

६

वरील इतिहासातून एवढे निश्चितपणे म्हणता येईल की, मान्यता ही प्रतिष्ठेची पूर्वअट आहे. तिची जागा घेणारी वस्तू नव्हे. जेथे मान्यता आधी तपासून दिली गेली, तेथे तिने दूरशिक्षणाचा मान राखला. जेथे ती मागाहून अथवा न पाहता दिली गेली, तेथे तिने निर्दोष संस्थांचाही मान कमी केला. दिल्लीच्या पहिल्या प्रयोगात परीक्षा एक ठेवण्यामागे जी दृष्टी होती, ती पाठलेखन, उत्तरतपासणी आणि संपर्कवर्ग यांच्यापर्यंत पोहोचली असती, तर पुढील पुष्कळ वाद टळले असते. रात्री दिव्यापाशी बसून पाठ वाचणाऱ्या नोकरदार विद्यार्थ्याला संस्थेचा गुणांक तपासता येतो. संस्थेचे काम तपासता येत नाही. ते काम त्याच्या वतीने आणि त्याने प्रवेश घेण्यापूर्वी कोणीतरी पाहिले पाहिजे, हाच मान्यतेचा मूळ हेतू होय.