मुरगावहून गुपचूप निघालेलं जहाज

बांदा ओलांडलं की दोनेक तासांत मुरगाव बंदर. ६ डिसेंबर १९८१ला तिथून 'पोलर सर्कल' नावाचं, भाड्याने घेतलेलं नॉर्वेजियन जहाज निघालं. त्यात २१ भारतीय, प्रमुख डॉ. सय्यद झहूर कासिम. मुक्काम अंटार्क्टिका. पण हे बाहेर सांगायला मनाई! ना हारतुरे, ना मंत्र्यांचे फोटो. आज गटाराचं भूमिपूजनसुद्धा लाइव्ह होतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

एवढं गुपित कशासाठी? अंटार्क्टिकाचा कारभार १९५९च्या करारावर चालतो. मूळ सह्या १२ देशांच्या, त्यात भारत नाही. १९५६मध्ये भारताने हा विषय युनोत न्यायचा प्रयत्न केला होता, तो बारगळला. आणि करारात नुसतं सामील होऊन भागत नाही. निर्णयात मत हवं तर तिथे भरीव संशोधन करून दाखवायचं, ही अट. म्हणजे आधी जा, मग बोला. आधी बोभाटा झाला असता तर अडवाअडवी झाली असती, असं मला वाटतं. गंमत बघा, जिथे उतरायचं त्या भागावर दावा नॉर्वेचा आणि जहाजही नॉर्वेचंच!

चाळीस अंश दक्षिणेच्या खाली समुद्र असा पिसाळतो की आपल्या पावसाळी दर्याची आठवण काढू नये. पुढे बर्फ. तिकडचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, जहाज शिरतं ते तेव्हाच. ९ जानेवारी १९८२ला पाय लागले आणि मगच देशाला बातमी कळली. २१ फेब्रुवारीला जहाज गोव्यात परत. एकूण ७७ दिवस.

ऑगस्ट १९८३मध्ये भारत करारात आला आणि सप्टेंबरमध्ये मताचा अधिकारही मिळाला. पत्रकार म्हणून लपवाछपवी मला पटत नाही. पण इथे ती कामी आली, हे कबूल करावं लागतं.

त्याच डिसेंबरात 'फिनपोलारिस' जहाज गोव्याहूनच तिसरी मोहीम घेऊन गेलं. तिने 'दक्षिण गंगोत्री' हे आपलं पहिलं केंद्र उभारलं. या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत होत्या, अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ. अदिती पंत मूळ नागपूरच्या, औंधच्या पंत घराण्यातल्या. आपल्या किती मुलींना हे नाव माहीत आहे?

केंद्र मात्र तरंगत्या बर्फावर होतं. वर्षागणिक हिम साचत गेलं आणि १९९०च्या सुमारास ते गाडलं जाऊन सोडून द्यावं लागलं. तोवर खडकावर 'मैत्री' उभं राहिलं होतं.

गुपचूप गेलेल्या जहाजाची बातमी त्या दिवशी कुणी छापणार कशी? तेव्हा मुरगाव बंदरात कामाला असलेलं कुणी तुमच्या घरात असेल तर त्यांना विचारा. त्या जहाजात कोणी काय चढवलं, बंदरात काय कुजबुज होती, जे आठवेल ते मला कळवा. ही माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.