स्वतंत्र ख्रिस्ती चर्चनेते : वऱ्हाड, महाराष्ट्र व गोमंतक

परदेशी मिशन, अँग्लिकन बिशप किंवा रोमची धर्मसत्ता यांच्या अधिकाराबाहेर राहून ख्रिस्ती उपासक-मंडळी उभारणाऱ्या वा तिचे नेतृत्व करणाऱ्या व्यक्ती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या आरंभी अशा व्यक्ती मराठी मुलखात व गोव्यात पुढे आल्या. त्यांत पंडिता रमाबाई, रेव्ह. नारायण वामन टिळक व गोव्याचे पाद्री आंतोनिओ फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस ही नावे प्रमुख होत. तिघांचे मार्ग भिन्न होते. तथापि येथील ख्रिस्ती मंडळीवर अधिकार कोणाचा, हा एकच प्रश्न तिघांपुढे होता. तो सोडविताना प्रत्येकाने वेगळी किंमत मोजली आणि प्रत्येकाच्या पश्चात त्याच्या कार्याची गतीही वेगळी झाली.

पार्श्वभूमी : अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. पुढे स्कॉटिश, अँग्लिकन, मेथडिस्ट इ. मिशने आली. या मिशनांच्या रचनेत जमीन, शाळा, दवाखाने व पगार यांची सूत्रे परदेशी मंडळांकडे असत. देशी धर्मोपदेशकास दीक्षा मिळाली, तरी त्याचे वेतन, बदली व कार्यक्षेत्र मिशनच ठरवीत असे. सुशिक्षित धर्मांतरितांना ही स्थिती हळूहळू जाचू लागली. मद्रास येथे पुलनी अँडी यांनी १८८६ मध्ये ‘नॅशनल चर्च’ स्थापिले. कलकत्त्यात कालिचरण बॅनर्जी व त्यांचे सहकारी यांनी १८८७ मध्ये ‘ख्रिस्तो समाज’ काढला. दोन्ही प्रयत्न अल्पायुषी ठरले. परंतु पश्चिमेतील पंथभेद भारतात आणण्याचे प्रयोजन काय, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मागे राहिला.

वऱ्हाडातील स्वावलंबी मिशने : १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले व १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून पूर्ण झाला. त्यानंतर या भागात जे मिशनरी आले, त्यांतील अनेक जण मोठ्या मिशनमंडळांचे पगारी सेवक नव्हते. विल्यम टेलर या अमेरिकन मेथडिस्ट धर्मोपदेशकाने स्वावलंबी मिशनकार्याचा पुरस्कार केला होता. धर्मोपदेशकाने मायदेशातील मंडळाच्या निधीवर विसंबू नये, असे त्याचे मत होते. त्याच्या प्रभावाखाली भारतात आलेल्या अ‍ॅल्बर्ट नॉर्टनने एलिचपूर (आताचे अचलपूर) येथे काम केले. कोरकू समाजाशी तेथूनच मिशनऱ्यांचा संबंध आला. मार्कस फुलर व जेनी फुलर हे दांपत्यही एलिचपुराहून अकोल्यास आले. पुढे ते ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या संस्थेशी संलग्न झाले आणि अकोला हे तिच्या मराठी कार्याचे केंद्र बनले. अमरावती येथेही तिचे काम सुरू झाले. ठराविक वेतनाची हमी न घेता केवळ प्रार्थना व देणग्या यांवर विसंबणे, ही या मिशनऱ्यांची रीत होती.

वऱ्हाडातील या प्रयोगाने पैशाच्या बाबतीत नवा पायंडा पाडला. अधिकाराच्या बाबतीत मात्र फारसा बदल झाला नाही. मायदेशातील मंडळापासून मिशनरी मोकळा झाला, पण देशी मंडळी त्याच्यापासून मोकळी झाली नाही. तरीही या छोट्या, पंथभेदांविषयी उदासीन अशा वर्तुळाचा मराठी नेत्यांशी निकट संबंध आला. जेनी फुलर यांच्या भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवरील इंग्रजी ग्रंथास (१९००) पंडिता रमाबाईंची प्रस्तावना होती. तर नॉर्टनने पुढे केडगावजवळच दौंड येथे दुष्काळग्रस्त मुलांचे अनाथालय चालविले.

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२) : रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लवकरच सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममातेशी त्यांचा दीर्घ पत्रवाद झाला. सर्व धर्ममते चर्च सांगते म्हणून मान्य करावीत, हा आग्रह त्यांनी नाकारला. पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी स्पष्ट कळविले. गळ्यातील क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, हा त्यांचा हट्टही त्याच वृत्तीतून आला होता. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याची कल्पना निघाली, तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. ही हरकतही त्यांना मान्य झाली नाही. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. धर्मांतरित भारतीय स्त्रीने चर्चच्या अधिकाराची केलेली ही चिकित्सा त्या काळी विरळाच होती.

मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी सुरू झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास हलविण्यात आले. विद्यार्थिनींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या वादातून १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. त्यात न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर यांसारखे सुधारक होते. हिंदू समाजाने दूर लोटलेल्या आणि अँग्लिकन वर्तुळात स्वतःहून न रमलेल्या रमाबाईंना यापुढे स्वतःचीच संस्था हा आधार राहिला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून व १९०० मध्ये गुजरातेतून शेकडो मुली व विधवा आणून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आश्रय दिला. तेथील मुक्ती सदनात १९०० च्या सुमारास सु. दोन हजार स्त्रिया व मुले राहत होती. शेती, विणकाम, छपाई इ. उद्योगांचे शिक्षण तेथे दिले जाई. तेथील मंडळी कोणत्याही एका पंथास जोडलेली नव्हती.

केडगाव येथे १९०५ च्या जून अखेरीस मोठी धर्मजागृती झाली. सामूहिक प्रार्थना, पापकबुली, अश्रुपात यांनी ती गाजली. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका त्यांच्या मैत्रिणीमार्फत चिलीमधील मेथडिस्ट मिशनरी विलिस हूव्हर याच्याकडे पोहोचली. तेथे १९०९ मध्ये उद्‌भवलेल्या जागृतीतून पुढे एक स्वतंत्र पेंटेकोस्टल चर्च निर्माण झाले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करणे, हे रमाबाईंचे अखेरचे कार्य होय. ते त्यांनी मृत्यूपूर्वी पुरे केले. मुक्ती सदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी ते छापले व १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यांची कन्या व नियोजित वारसदार मनोरमाबाई १९२१ मध्येच निवर्तल्या होत्या. त्यामुळे संस्था टिकली, पण रमाबाईंच्या पश्चात दीर्घकाळ तिची सूत्रे परदेशी स्त्रियांकडे राहिली.

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१–९ मे १९१९) : जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे. टिळकांच्या धर्मांतराची सुरुवात विदर्भाच्या परिसरातच झाली. नागपूर येथे अप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचे काम केल्यावर ते राजनांदगावास निघाले असता आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांच्यापासून त्यामुळे ते काही वर्षे दुरावले. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या काळातील ताटातुटीचे व पुनर्मीलनाचे चित्र त्यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात आढळते.

अहमदनगर येथे टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे ते संपादक होते. त्यांनी शेकडो भक्तिगीते रचली. अभंग, ओवी व कीर्तन ही मराठी संतांची साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजविली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. तत्पूर्वीच्या मराठी ख्रिस्ती उपासनेवर इंग्रजी चालींच्या भाषांतरित गीतांचा पगडा होता. पद्यरचनेतील या बदलामागे अधिकाराचाच विचार होता : मंडळीने कोणत्या भाषेत व कोणत्या रीतीने प्रार्थना करावी, हे तिच्या परंपरेने ठरवावे, परदेशी मंडळाने नव्हे.

या विचाराची परिणती १९१७ मध्ये झाली. टिळकांनी मिशनची नोकरी व वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्तास गुरू मानणारे बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे भक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. मिशनच्या गणनेत बाप्तिस्मा हीच सभासदत्वाची खूण असल्याने ही कल्पना अनेकांना धर्मशास्त्राशी विसंगत वाटली. उलटपक्षी, ख्रिस्ती होणे म्हणजे आपला समाज सोडून परक्यांच्या आश्रयास जाणे, ही लोकसमजूत मोडण्याचा दुसरा उपाय टिळकांना दिसत नव्हता. मिशनऱ्यांशी त्यांचे वैयक्तिक संबंध तुटले नाहीत. ज्ञानोदयाशीही नाते राहिले. मात्र दरबारास मालमत्ता, निधी किंवा लेखी घटना यांचे पाठबळ नव्हते. दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच टिळकांचे मुंबईत निधन झाले व त्यांच्या मागे दरबार ओसरला. ख्रिस्तायन हे त्यांचे अपूर्ण राहिलेले महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे पुरे केले. दरबाराच्या कल्पनेचा ठसा जे. सी. विन्सलो या अँग्लिकन धर्मोपदेशकावर उमटला. त्याने टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले (१९२३) आणि १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम स्थापन केला.

आंतोनिओ फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस (२९ एप्रिल १८३६–२३ सप्टेंबर १९२३) : रमाबाई व टिळक प्रॉटेस्टंट परंपरेतील होत, तेथे मिशन सोडणे शक्य होते. कॅथलिक परंपरेत मात्र बिशपाविना चर्च संभवत नाही; म्हणून तेथील स्वातंत्र्याचा प्रश्न बिशपपदाच्या वैधतेपर्यंत जातो. गोव्यातील वेर्णा येथे जन्मलेल्या आल्वारिस यांची कारकीर्द याचे उदाहरण होय. पूर्वेकडील चर्चवर पोर्तुगालच्या राजास असलेला आश्रयाधिकार (पाद्रोआदो) व रोमचे प्रत्यक्ष नियंत्रण यांत दीर्घकाळ संघर्ष होता. १८८६ च्या करारान्वये श्रीलंकेतील पाद्रोआदोखालील चर्चे रोमच्या नियंत्रणाखाली गेली. तेथील असंतुष्ट कॅथलिकांची बाजू आल्वारिस यांनी घेतली. पोर्तुगीज नियतकालिकांचे संपादन करताना त्यांनी धर्माधिकाऱ्यांवर केलेल्या टीकेमुळे त्यांचे गोव्याच्या आर्चबिशपशी पूर्वीच बिनसले होते.

रोमशी संबंध तोडून ते केरळातील मलंकरा सिरियन चर्चकडे वळले. २९ जुलै १८८९ रोजी कोट्टयम येथे त्यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात येऊन ‘मार ज्यूलियस’ हे नाव मिळाले. दीक्षा देणाऱ्यांत परुमलाचे मार ग्रेगोरिओस हे होते. गोवा, भारत व श्रीलंका हे त्यांचे क्षेत्र ठरले. उपासनाविधी मात्र लॅटिनच राहिला. १८९२ मध्ये कोलंबो येथे त्यांनी रने व्हिलात या अमेरिकेतून आलेल्या धर्मोपदेशकास बिशपपदाची दीक्षा दिली. पश्चिमेतील अनेक छोटी स्वतंत्र कॅथलिक चर्चे आपली बिशप-परंपरा या दीक्षेपर्यंत नेतात. रोमने मात्र आल्वारिस यांना बहिष्कृत केले. गोव्यात त्यांना अटक झाली आणि बिशपाची वस्त्रे उतरविण्यास भाग पाडण्यात आले. उत्तरायुष्यात त्यांनी गरीब व कुष्ठरोगी यांची सेवा केली. पटकीवरील उपचारांविषयी पुस्तिका लिहिली. रायबंदर येथील रुग्णालयात त्यांचा अंत झाला. कॅथलिक विधींवाचून पणजीच्या सांत इनेज दफनभूमीत त्यांचे दफन झाले. श्रीलंकेतील त्यांची मंडळी कालांतराने विरली. त्यांच्या अस्थी पुढे रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हलविण्यात आल्या व मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्यांचे आदराने स्मरण केले जाते.

मूल्यमापन : स्वतंत्र चर्चला पैसा, अधिकारपद व उपासनापद्धती या तिन्ही बाबतींत स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. या नेत्यांपैकी कोणासही तिन्ही एकदम साधली नाहीत. वऱ्हाडातील मिशनऱ्यांनी निधीचा प्रश्न सोडविला, अधिकार स्वतःकडेच ठेवला. रमाबाईंनी मालमत्ता व उद्योग यांच्या बळावर टिकाऊ संस्था उभारली. परंतु निधीसाठी परदेशी मित्रांवर विसंबावे लागल्याने त्यांच्या पश्चात नेतृत्वही तिकडेच गेले. टिळकांनी उपासनेस देशी रूप दिले. त्यांचा दरबार संपला, पण त्यांची गीते मराठी चर्चमध्ये पंथभेद ओलांडून गायिली जातात. आल्वारिस यांनी अधिकारपद मिळविले, पण त्यास समाजाचा आधार मिळाला नाही.

मिशनांनी अधिकार देशी मंडळींकडे सोपविण्याची प्रक्रिया यानंतर सावकाश घडली. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’मार्फत २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये समाविष्ट झाल्या. अकोला-अमरावती भागातील अलायन्सच्या मंडळ्या या ऐक्याबाहेर राहिल्या. वऱ्हाडातच यवतमाळ येथे १९५३ मध्ये ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ ही विविध पंथांतील धर्मोपदेशक घडविणारी संस्था निघाली. १९८३ मध्ये ती पुण्यास हलविण्यात आली. देशी नेतृत्व ही आता या सर्व चर्चांत सामान्य बाब झाली आहे. पूर्वी तीच मागणी करणाऱ्यांना मात्र वेतन, प्रतिष्ठा व प्रसंगी दफनाचे विधीदेखील गमवावे लागले होते.