साडेतीन गुंठे आणि बटाटा

उरणच्या द्रोणागिरी डोंगराची कथा आपणांस ठाऊक असेलच. लक्ष्मणासाठी संजीवनी घेऊन निघालेल्या मारुतीच्या हातून पर्वताचा एक तुकडा इथे पडला, अशी या भागातली श्रद्धा आहे. वनस्पतीसाठी प्रसिद्ध झालेल्या या डोंगराच्या पायथ्याशी आज आपण एका परक्या वनस्पतीचा, म्हणजे बटाट्याचा विचार करणार आहोत. तो इथे लावायचा झाला तर तयारी काय करावी, हा प्रश्न वरवर शेतकीचा दिसतो. पण थोडे खणून पाहिले की खाली इतिहासच लागतो.

पहिली गोष्ट नावाची. उत्तरेकडे ज्याला आलू म्हणतात त्याला आपण बटाटा म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांचा. पाव, काजू, साबण, चावी, कोबी, बादली हे शब्द ज्या गलबतांतून उतरले त्यांतूनच तोही उतरला. उरण, म्हणजे त्या वेळचे करंजा बेट, पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि द्रोणागिरीवर त्यांचा किल्ला होता. १७३९ मध्ये मानाजी आंग्रे यांनी तो घेतला. पुढे बेट इंग्रजांच्या हाती गेले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिले. तेव्हा बटाट्याचे नाव दीडदोनशे वर्षे या किनाऱ्यावर वावरले असेल, असे मानायला हरकत नाही.

परंतु नाव आले म्हणजे पीक आले असे मात्र समजू नये. ‘बटाटा’ हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, आणि तो त्यांच्या भाषेत रताळ्याचा होता! आपला बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरचा. युरोपात ही दोन कंदमुळे पाठोपाठ गेली आणि नावांची सरमिसळ झाली. म्हणून जुन्या प्रवासवर्णनात हा शब्द दिसला, तर तो बटाटा की रताळे हे सांगणे कठीण असते. गंमत अशी, की रताळ्याशेजारी बसलेल्या या परदेशी पाहुण्याला आपण उपासाच्या ताटातही जागा दिली. गव्हाची पोळी ज्या दिवशी चालत नाही, त्या दिवशी पेरू देशाचा बटाटा चालतो.

आता खरा प्रश्न. नाव किनाऱ्यावर उतरले, मग पीक घाट चढून वर का गेले? याचे उत्तर थंडीत आहे. बटाट्याचा पाला कुठेही वाढेल, पण जमिनीखाली कंद धरायचा तर रात्री गार हव्यात. रात्रीचे तापमान वीस अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर कंद चांगला धरतो. फार उकाडा असला की झाड सगळे बळ पाल्यालाच देते. म्हणून महाबळेश्वर त्याला मानवले. १८३४ पासून १८६४ पर्यंत तिथे एक तुरुंग होता आणि त्यात चिनी व मलायी कैदी ठेवीत. या लोकांनी तिथे भाजीपाल्याचे आणि बटाट्याचे मळे फुलवले. तिथल्या ‘चायनामन्स फॉल’ या धबधब्याच्या नावात त्यांची आठवण आजही आहे. गव्हर्नर माल्कमची आठवण पेठेच्या नावाने राहिली, कैद्यांची धबधब्याच्या नावाने.

पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर हा बटाट्याचा मुलूख झाला. सातगाव पठारावर तर तो पावसाळ्यात पिकवतात. पीक ठेवायला शेतातच पाल्याखाली झाकून त्याची ‘अरण’ लावतात. बियाणे मात्र बहुधा बाहेरचे. आज मंचरच्या बाजारात ते पंजाबातून येते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते इटलीहून बोटीने येई, आणि १९०६ च्या सुमारास त्याच बियाण्यातून बटाट्याचा पतंगही आपल्याकडे आला. त्याची अळी कंद पोखरते, शेतातही आणि साठवणीतही. परक्या बियाण्यासोबत परका शत्रू आला तो असा.

या पिकाचा कसून अभ्यास केला तो पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांची पश्चिम हिंदुस्थानातील बटाट्यावरची पुस्तिका १९२० ची. याच मॅनसाहेबांनी त्याआधी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली होती. तिथे १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकर होती, १८१८ मध्ये ती साडेसतरा झाली, आणि १९१५ च्या सुमारास ७ एकर उरली. म्हणजे बटाटा कसा वाढतो आणि जमीन कशी आटते, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने मोजल्या.

आणि इथेच आपण द्रोणागिरीला परत येतो. इथली जमीन वाटणीने तर आटलीच, पण संपादनाने त्याहून जास्त आटली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत.

हिशेब करून बघा. एकराचे गुंठे ४०. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातले ३० टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा जातात. उरले साडेतीन. इंग्लंडात गावकऱ्यांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे देण्याची जुनी चाल आहे आणि त्या तुकड्याचे रूढ माप भरते सुमारे अडीच गुंठे. दुसऱ्या महायुद्धात शहरवासीयांनी असल्या तुकड्यांवरच बटाटे काढले. पण तिथे ज्याच्याजवळ जमीन नव्हती त्याला तुकडा मिळाला. इथे ज्याच्याजवळ एकर होता त्याला. माप जवळपास सारखे, दुःख वेगळे.

असा भूखंड इमारत उभी राहीपर्यंत मोकळा असला, तर एका हिवाळ्याचा बटाटा त्यात निघू शकतो काय? निघेल, पण हट्टाने नव्हे, समजून. सांताक्रूझला जानेवारीत रात्रीचे किमान तापमान सरासरीने १७ अंशांच्या आसपास असते. इथेही फार वेगळे नाही. म्हणजे डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच काय ती खिडकी उघडी. तेव्हा लावणी नोव्हेंबरच्या मध्यास व्हावी आणि जात लवकर येणारी घ्यावी. महाराष्ट्राच्या पठारासाठी काढलेल्या एका जातीचे नावच मुळी ‘कुफरी लवकर’ असे आहे. उन्हाळा सोसणारी ‘कुफरी सूर्या’ ही २००६ ची.

जमिनीची तयारी पावसाळ्यातच सुरू करावी. खारीच्या माणसाला मीठ कसे जाते हे सांगायला नको. पावसाचे गोडे पाणी बांधात कोंडून उघाडीवाटे सोडले की खार धुपतो. भूखंडावर बांध नाही, पण पाऊस तोच. चर खणून पाणी वाहते ठेवा. मुरुमाचा भराव असेल तर वर वीतभर चांगली माती आणि कुजलेले शेणखत घालून उंच वरंबे करा. पाऊस संपला की खालचा खार वर चढू लागतो, म्हणून पेंढ्याचे आच्छादन टाका. विहिरीचे पाणी जिभेला मचूळ लागले तर ते पिकाला देऊ नका.

वरंब्यांत ६० आणि रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर गुंठ्याला सुमारे ८४० रोपे बसतात. तीस ग्रॅमचा तुकडा धरला तर बेणे २५ किलो. स्वयंपाकघरातला बटाटा बेणे म्हणून वापरू नये, त्यातून विषाणुरोग येतात. शीतगृहातून आणलेले बेणे आठदहा दिवस सावलीत उजेडाला पसरून मोड येऊ द्यावेत. कापले तर प्रत्येक तुकड्यावर दोनतीन डोळे राखावे आणि जखम सुकल्यावरच लावावे. महिन्याभराने मातीची भर द्यावी. उघडा पडलेला कंद हिरवा होतो, आणि १९०६ चा तो पतंग अशाच कंदावर टपलेला असतो. दोनच कारणे, पण दोन्ही भर देण्यासाठी पुरेशी.

खेडच्या पिकाशी बरोबरी होणार नाही हे आधीच जाणून असावे. परंतु रायगडात जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे पोपटीचे दिवस. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि बटाटे रचून मडके उपडे घालतात आणि भोवती जाळ करतात. वाल तर भातामागून या जमिनीत नेहमीच आला. त्या मडक्यातला बटाटाही यंदा आपल्याच साडेतीन गुंठ्यांतला असावा असे ज्याला वाटत असेल, त्याने पहिला पाऊस पडण्यापूर्वी चर खणून ठेवावेत.