आमच्या पितरांची गति

ह्या महोत्सवप्रसंगीं आम्ही धर्मग्रामाच्या नोंदवह्यांतील पूर्वजांचें स्मरण करितों. परंतु त्यांच्याही आधींचे, बाप्तिस्म्याविना गेलेले आमचे पितर? १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडांत असंख्य माणसें मेलीं. त्यांतील बहुतेकांच्या कानीं ख्रिस्ताचें नांवही पडलें नव्हतें. त्यांची गति काय?

प्रश्न जुना आहे. १४४२ सालीं फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेनें ख्रिस्तसभेबाहेर तारण नाहीं, असें कठोर शब्दांत सांगितलें. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनीं १५५२ सालीं कोचीहून लिहिलेल्या पत्रांत जपानच्या नवख्रिस्ती लोकांचें दुःख नमूद आहे. नरकांत पडलेल्या पूर्वजांस प्रार्थनेचाही उपाय नाहीं, हें ऐकून ते रडत. तें पाहून संतांसही वाईट वाटे.

पुढें १८६३ सालीं पोप नववे पायस ह्यांनीं स्पष्ट केलें कीं, जो स्वतःचा दोष नसतां सत्यधर्मास अनोळखी राहिला, परंतु प्रामाणिकपणें वागला, त्यास देव शाश्वत शिक्षा देत नाहीं. अमरावती-अकोल्याचा आमचा मुलूख १९५५ सालीं नागपुरापासून निराळ्या धर्मप्रांतांत आला. त्यानंतर नऊच वर्षांनीं, १९६४ सालीं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें तीच शिकवण अधिक मोकळेपणानें मांडिली. तारणारा एक ख्रिस्तच. पण त्याची कृपा सदसद्विवेकास अनुसरून चालणाऱ्या अजाण जिवांपर्यंतही पोहोंचते.

न्याय देवाचा, आशा आमची. २ नोव्हेंबर रोजीं कबरस्तानांत मेणबत्ती लावितांना, ज्यांचें नांव आमच्या कोणत्याच वहींत नाहीं, त्यांच्यासाठींही एक लावूं या.