तबकडीचे लेबल आणि तबकडीतील आवाज : जिमी रीड यांच्या ध्वनिमुद्रणांचा इतिहाससाधन म्हणून विचार

प्रास्ताविक

इतिहासाच्या साधनांची चर्चा करताना आपण कागदपत्रे, शिलालेख, नाणी, बखरी यांचा क्रम लावतो आणि ध्वनिमुद्रणाला बहुधा परिशिष्टात जागा देतो. संगीताचा इतिहास लिहिणारेसुद्धा पुष्कळदा तबकडी ऐकण्यापूर्वी तिच्यावरचे लेबल वाचतात व लेबलावर छापलेले नाव, साल आणि शीर्षक प्रमाण मानून पुढे जातात. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील शिकागो व परिसरात निघालेल्या ब्लूज संगीताच्या तबकड्यांबाबत ही पद्धत कितपत विश्वसनीय ठरते, हे प्रस्तुत लेखात एका कलावंताच्या आधारे तपासावयाचे आहे. हा कलावंत म्हणजे विद्युत गिटार व हार्मोनिका (आपल्याकडे रूढ शब्द माउथ ऑर्गन) एकाच वेळी वाजवीत गाणारे जिमी रीड (१९२५-१९७६).

रीड यांची निवड करण्यामागे एक कारण आहे. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, लिटल वॉल्टर या त्यांच्या समकालीनांवर अभ्यासकांनी विपुल लिहिले. रीड यांच्या तबकड्या मात्र खपल्या अधिक आणि अभ्यासल्या गेल्या कमी. ‘सोपे संगीत’ असा शिक्का एकदा बसला की समीक्षकाचे काम संपते. इतिहासकाराचे संपू नये.

मिसिसिपी ते गॅरी

रीड यांचा जन्म ६ सप्टेंबर १९२५ रोजी मिसिसिपी राज्यातील डनलीथ येथे झाला. कापसाच्या मळ्यांवर बटाईने राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांचा हा प्रदेश. गिटारचे प्राथमिक धडे त्यांना बालमित्र एडी टेलर (१९२३-१९८५) याच्याकडून मिळाले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे. १९४३ मध्ये रीड शिकागोस गेले, लगेच नौदलात भरती झाले आणि १९४५ मध्ये मुक्त झाल्यावर मेरी हिच्याशी विवाह करून पुन्हा उत्तरेकडे वळले. इंडियाना राज्यातील गॅरी हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. तेथे आर्मर कंपनीच्या मांसप्रक्रिया कारखान्यात त्यांनी मजुरी केली. दक्षिणेतील शेतीतून उत्तरेतील यंत्रशाळेत झालेल्या महास्थलांतराचा हा अगदी ठरावीक आलेख आहे. त्याची सामाजिक कारणे अन्यत्र विस्ताराने मांडली गेली असल्याने येथे पुनरुक्ती करीत नाही.

गॅरीमध्येच १९५३ साली व्हिव्हियन कार्टर आणि जेम्स ब्रॅकन यांनी व्ही-जे ही ध्वनिमुद्रण कंपनी स्थापन केली. व्हिव्हियन कार्टर रेडिओवर निवेदिका होत्या आणि दोघांचे तबकड्यांचे दुकान होते. ‘व्ही’ व ‘जे’ ही दोघांच्या नावांची आद्याक्षरे. डेट्रॉइटमधील मोटाउनची स्थापना १९५९ ची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या मालकीची ही कंपनी तिच्या सहा वर्षे आधीची. रीड यांचे पहिले ध्वनिमुद्रण १९५३ चेच. पुढे गिटारवादक म्हणून कीर्ती पावलेले अल्बर्ट किंग त्यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत ड्रम वाजवीत होते, ही गोष्ट आज गमतीची वाटते.

१९५५ मध्ये ‘यू डोन्ट हॅव टू गो’ हे गीत ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूज यादीत पाचव्या स्थानावर पोहोचले. या यादीच्या नावाचाही एक इतिहास आहे. १९४९ पर्यंत त्याच साप्ताहिकात कृष्णवर्णीयांच्या संगीताला ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे एका वंशाच्या तबकड्या, असे म्हटले जात असे. नाव बदलले तरी यादी वेगळीच राहिली. १९५७ मध्ये ‘ऑनेस्ट आय डू’ हे गीत सर्वसाधारण लोकप्रिय गीतांच्या यादीतही ३२ व्या स्थानापर्यंत गेले, तर १९६० मध्ये ‘बेबी व्हॉट यू वॉन्ट मी टू डू’ ३७ व्या. ही सीमा ओलांडणे त्या काळातील शिकागोच्या ब्लूज गायकांपैकी फारच थोड्यांना साधले. वर्णभेदाचे कायदे लागू असलेल्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या महाविद्यालयीन तरुणांच्या मेळाव्यांत रीड यांचे संगीत आवडीने वाजे. ज्या महाविद्यालयांत त्यांच्या मुलांना प्रवेश मिळाला नसता, तेथे त्यांच्या आवाजाला मात्र मज्जाव नव्हता.

सोपेपणाची घडण

रीड यांच्या संगीताचा सांगाडा थोडक्यात सांगता येतो. बारा बार म्हणजे बारा ताल-विभागांचे आवर्तन, मध्यम लय, खालच्या तारांवर अखंड चालणारा डुलता ठेका, त्यावर किंचित ओठांतल्या ओठांत विरणारे गायन आणि दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत हार्मोनिका. पण येथेच एक तांत्रिक बाब नमूद करणे आवश्यक आहे.

दहा छिद्रांच्या साध्या हार्मोनिकावर फुंकून काही स्वर मिळतात, तर हवा आत ओढून काही. ब्लूजमध्ये रूढ असलेल्या पद्धतीत गाण्याच्या सुराहून वेगळ्या सुराची हार्मोनिका घेतात आणि खालच्या-मधल्या छिद्रांतून हवा ओढून स्वर वाकवितात. ‘ज्यूक’ (१९५२) या वादनात लिटल वॉल्टर यांनी माइक हार्मोनिकाला भिडवून या पद्धतीला एखाद्या सॅक्सोफोनचा भरदारपणा दिला. रीड यांनी अनेक प्रसिद्ध ध्वनिमुद्रणांत उलट वाट धरली. गाण्याच्याच सुराची हार्मोनिका गळ्यातील स्टँडवर अडकवायची आणि सर्वांत वरच्या सप्तकात फुंकून स्वर वाकवायचे. त्या टोकाच्या छिद्रांत ओढण्याऐवजी फुंकण्याचा स्वर वाकतो. तो बारीक, काहीसा रडवेला आवाज गिटारच्या जड ठेक्यापासून इतका दूर असतो की दोहोंच्या मध्ये गायकाच्या आवाजासाठी रिकामी जागा राहते. दोन्ही हात गिटारवर असताना हार्मोनिकाचा आवाज तळहातांनी झाकण्या-उघडण्याची सोय नसते. या अडचणीतून ही शैली घडली असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ते काही असो, हे सोपेपण आयते आलेले नाही.

त्याची नक्कल मात्र सोपी वाटली. लुइझियाना राज्यातील स्लिम हार्पो आदी गायकांच्या शैलीत रीड यांची छाया स्पष्ट आहे. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश वाद्यवृंदाने १९६४ च्या पहिल्याच एल.पी.त ‘ऑनेस्ट आय डू’ घेतले. एल्व्हिस प्रेस्ली यांनी १९६८ च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ‘बेबी व्हॉट यू वॉन्ट मी टू डू’ पुन्हा पुन्हा वाजविले. बॉब डिलन यांच्या २०२० च्या संग्रहात तर एका गीताच्या शीर्षकातच रीड यांचे नाव आहे.

जे लेबलावर नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ‘बेबी व्हॉट यू वॉन्ट मी टू डू’, ‘बिग बॉस मॅन’ आणि ‘ब्राइट लाइट्स, बिग सिटी’ (१९६१) ही ध्वनिमुद्रणे लक्षपूर्वक ऐकल्यास रीड यांच्या आवाजालगत एका स्त्रीचा आवाज ऐकू येतो. हा आवाज त्यांच्या पत्नी मेरी, ऊर्फ ‘मामा’ रीड, यांचा. त्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी पतीशेजारी बसून पुढची ओळ त्याच्या कानात सांगत आणि कित्येकदा सोबत गातही. मराठी नाट्यसृष्टीत विंगेतल्या प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला की नाटक पडल्याची चर्चा होते. येथे प्रॉम्प्टरचा आवाज तबकडीत कायमचा उमटला आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, गीत अधिक जिवंत झाले. मामा रीड केवळ आठवण करून देत नव्हत्या, अनेक गीतांच्या रचनेतही त्यांचा हात होता, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. परंतु वरीलपैकी पहिल्या व तिसऱ्या गीताचे श्रेय छापताना रचनाकार म्हणून नाव आहे ते एकट्या जिमी रीड यांचे.

श्रेयाचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही पाहता येतो. मालकाशी हुज्जत घालणाऱ्या मजुराचे ‘बिग बॉस मॅन’ हे गीत रीड यांच्या कारखान्यातील आयुष्याचे आत्मकथन म्हणून वाचण्याचा मोह होतो. ते लिहिले मात्र लूथर डिक्सन आणि अल स्मिथ यांनी. गायकाच्या चरित्रावरून गीताचा अर्थ लावणे किती निसरडे असते, याचा हा चांगला नमुना.

कानात ओळ का सांगावी लागे? प्रचलित उत्तर असे की रीड मद्यपी होते, त्यांना शब्द आठवत नसत. त्यांचे मद्यपान नाकारण्याचे कारण नाही. परंतु १९५७ पासून त्यांना अपस्माराचे झटके येत होते आणि मद्यपींना होणाऱ्या कंप-भ्रमाचाच हा प्रकार समजून दीर्घकाळ त्याचे निदान झाले नाही, ही बाबही तितकीच प्रस्थापित आहे. एका गरीब, अल्पशिक्षित, कृष्णवर्णीय रुग्णाच्या आजाराला ‘दारू’ हे एकच नाव पुरेसे वाटले. जुन्या लेखनातील त्याच्या विसरभोळेपणाचे आणि अडखळण्याचे विनोदी किस्से त्या चुकीच्या निदानाचीच पुनरावृत्ती करतात. ते किस्से उद्धृत करताना अभ्यासकाने दहादा विचार करावा.

जे लेबलावर आहे, पण खरे नाही

१९६१ मध्ये व्ही-जेने ‘जिमी रीड ॲट कार्नेगी हॉल’ हा दोन तबकड्यांचा संच काढला. न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित सभागृहाचे नाव मुखपृष्ठावर असले तरी आतील ध्वनिमुद्रणे स्टुडिओतील आहेत. एका तबकडीवर तर पूर्वी गाजलेलीच गीते नव्याने गाऊन घेतलेली आहेत. कंपनीची व्यापारी गरज समजण्यासारखी आहे. ब्लूज गायकाला प्रतिष्ठित मंचाचे प्रमाणपत्र हवे होते, ते कंपनीने परस्पर छापून टाकले. ग्रंथालयाच्या तालिकेत मात्र असे मुखपृष्ठ सहज ‘घटना’ होऊन बसते. म्हणजे एका बाजूला तबकडीत प्रत्यक्ष असलेली स्त्री छापील नोंदीत नाही आणि दुसऱ्या बाजूला छापील नोंदीत असलेले सभागृह तबकडीत नाही.

पुढील हकिगत थोडक्यात सांगता येते. बीटल्सच्या आरंभीच्या तबकड्या १९६३-६४ मध्ये अमेरिकेत काढूनही व्ही-जे तगली नाही आणि १९६६ मध्ये दिवाळखोरीत गेली. रीड यांनी नंतर ब्लूजवे या लेबलसाठी ध्वनिमुद्रणे केली, १९६८ मध्ये अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हलबरोबर युरोपचा दौरा केला. पण पूर्वीचे यश पुन्हा आले नाही. २९ ऑगस्ट १९७६ रोजी, एक्कावन्नाव्या वाढदिवसाच्या आठ दिवस आधी, कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे त्यांचे निधन झाले. १९९१ मध्ये त्यांचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला.

एडी टेलर यांचा उल्लेख शेवटी राखून ठेवला होता. ज्या डुलत्या ठेक्याला जग ‘जिमी रीड ठेका’ म्हणून ओळखते, तो पुष्कळशा ध्वनिमुद्रणांत टेलर यांच्या गिटारवर चाललेला आहे. कोणत्या गीतात कोण साथीला होते याबाबत सूचीकारांत सर्वत्र एकमत नाही. १९५५ मध्ये व्ही-जेनेच टेलर यांच्या नावाने ‘बॅड बॉय’ ही तबकडी काढली होती. ती आणि त्याच सुमाराची रीड यांची कोणतीही तबकडी लागोपाठ ऐकावी, आणि डावा हात कोणाचा हे लेबलाकडे न पाहता ठरवावे.