सोळा आण्यांची साखळी

सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला भर उन्हात साखळी ओढताना पाहून गुराखी पोरे आम्हांला विचारीत, "कॉलेजात ह्येच शिकवत्यात व्हय?" आता त्यांना काय सांगावे! ही साखळी चांगली खानदानी आहे. १६२० साली इंग्लंडात गुंटर नावाच्या गणितज्ञाने शंभर कड्यांची, ६६ फुटांची साखळी काढली. तिच्या चौकोनात आपले बरोबर चार गुंठे मावतात. मुंबई इलाख्यातल्या मोजणीदारांनी निम्मीच, ३३ फुटांची घेतली आणि रुपयासारखे तिचेही सोळा आणे पाडले! मोजणीत एक आणा चुकला, की बांध दोन फूट सरकला. अन् दोन फुटांपायी सख्खे भाऊ जन्मभर फक्त कोर्टात भेटतात. रुपयातला आणा १९५७ साली दशमान नाण्यांपुढे हरला. जुन्या मोजणीच्या कागदांतला मात्र अजून वकिलांना पोसतो आहे.